ब्रँड टिकतो कशावर? भारतातल्या वॉशिंग मशीनच्या बाजाराची चार दशकं

भारतात घरगुती वॉशिंग मशीनचा बाजार खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्या काळी ज्यांच्या घरी मशीन आलं, त्यांच्या तोंडी व्हिडिओकॉन, बीपीएल, टीव्हीएस व्हर्लपूल ही नावं होती. आज शोरूममध्ये शिरलं की एलजी, सॅमसंग, व्हर्लपूल, आयएफबी, गोदरेज, हायर, बॉश, व्होल्टास बेको यांची मशीनं रांगेने मांडलेली दिसतात. जुन्या तिघांपैकी एकच नाव या रांगेत आहे, आणि तेही भारतीय भागीदाराचं नाव गळून. मधल्या काळात धुण्याची गरज कमी झाली नाही, उलट बाजार कितीतरी पटींनी वाढला. मग वाढत्या बाजारात आधी आलेले मागे का पडले आणि उशिरा आलेले पुढे कसे गेले?

याचं उत्तर जाहिरातींत शोधण्याची आपल्याला सवय आहे. जाहिरातीमुळे नाव कानावर पडतं, हे खरं. पण ब्रँडला वर्षानुवर्षं उभं ठेवतात त्या चार गोष्टी: घरातल्या पाण्या-विजेला मानवणारं तंत्र, ते तंत्र स्वतः बनवण्याची आणि बदलण्याची ताकद, दुकानदाराशी असलेला पैशाचा व्यवहार आणि विक्रीनंतरची सेवा. या चारही गोष्टी एकमेकींना धरून असतात. त्या कशा चालतात, हे एकेक करून पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ

मशीन कुठलंही असो, त्याला तीन कामं करायची असतात: साबणाचं पाणी कपड्यांतून खेळवणं, मळ सुटेल इतकं कपड्यांना घुसळणं आणि शेवटी पाणी पिळून काढणं. ही कामं करण्याच्या तीन पद्धती आपल्याकडे रुळल्या.

पहिली सेमी ऑटोमॅटिक. हिच्यात शेजारी शेजारी दोन टब असतात. धुण्याच्या टबाच्या तळाशी पल्सेटर नावाची चकती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरते. धुऊन झालं की कपडे हाताने उचलून पिळण्याच्या टबात टाकायचे. दोन टबांना दोन मोटरी, दोन टायमर. बाकी इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. नळाला पाणी नसेल तर बादलीने ओता, वीज गेली तर आल्यावर टायमर पुन्हा फिरवा. बिघडलंच तर गल्लीतला मेकॅनिक दुरुस्त करू शकतो. ज्या गावांत पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि जिथे भारनियमनाची तासन्‌तासांची वेळापत्रकं लोकांनी सोसली, तिथे हे मशीन टिकून राहिलं, त्याचं कारण हेच.

दुसरी पद्धत वरून कपडे टाकायच्या फुल ऑटोमॅटिकची, म्हणजे टॉप लोडची. यात बाहेरचा पाणी धरणारा टब आणि आतला छिद्रांचा टब एकात एक बसवलेले असतात. पाणी किती भरलं हे एका बारीक नळीत कोंडलेल्या हवेच्या दाबावरून प्रेशर स्विचला कळतं. धुताना फक्त पल्सेटर फिरतो, पिळताना क्लचमुळे अख्खा आतला टब फिरू लागतो. कधी पाणी घ्यायचं, कधी सोडायचं, कधी पिळायचं, हे कंट्रोल कार्ड ठरवतं. त्यामुळे नळाला पुरेशा दाबाचं पाणी आणि त्या वेळेपुरती सलग वीज हवी. टाकी मशीनपेक्षा फारशी उंच नसेल तर पाणी भरायलाच वेळ लागतो आणि मशीन एरर दाखवून थांबतं.

तिसरी पद्धत समोरून दार असलेल्या फ्रंट लोडची. इथे ड्रम आडवा असतो. ड्रमच्या आतल्या उंचवट्यांमुळे कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात. नदीकाठी दगडावर कपडे आपटून धुण्यामागे जे तत्त्व आहे, तेच इथे बंद ड्रममध्ये वापरलेलं आहे. कपडे पाण्यात पूर्ण बुडवावे लागत नाहीत, म्हणून पाणी टॉप लोडच्या साधारण निम्म्याने लागतं. आत पाणी तापवणारा हीटर असतो. तो बहुधा दोन हजार वॅटच्या आसपास असतो, म्हणून त्याला गीझरसारखं १६ अँपिअरचं सॉकेट द्यावं लागतं. आडवा ड्रम मिनिटाला हजार ते चौदाशे फेऱ्यांनी फिरताना सगळं मशीन हादरू नये म्हणून आत काँक्रीटचं वजन, स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर बसवतात. दाराभोवतीचं रबरी गॅस्केट पाणी अडवतं. बेअरिंग अचूक बसलेलं नसेल तर दोन-तीन वर्षांत मशीन खडखडू लागतं.

पिळण्याबद्दल एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. माहितीपत्रकात फक्त फेऱ्यांचा आकडा दिलेला असतो. पण कपड्यातलं पाणी बाहेर फेकणारं बल फेऱ्यांच्या वर्गावर आणि ड्रमच्या त्रिज्येवर अवलंबून असतं. सेमी ऑटोमॅटिकचा पिळण्याचा टब लहान असतो, त्यामुळे त्याच्या तेराशे फेऱ्या आणि फ्रंट लोडच्या मोठ्या ड्रमच्या तेराशे फेऱ्या सारख्या नसतात.

ब्रँडच्या नशिबाचा पहिला धागा इथेच सापडतो. सेमी ऑटोमॅटिक बनवायला प्लॅस्टिकचं मोल्डिंग, दोन मोटरी आणि टायमर जमले की पुरतं. म्हणून त्यात अनेक कंपन्या उतरतात, स्पर्धा किमतीवर होते आणि नफा पातळ राहतो. फ्रंट लोडला अचूक यंत्रकाम, चांगली मोटर, कार्डातलं सॉफ्टवेअर आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. तिथे थोडेच शिरतात, पण एकदा पाय रोवले की सहजासहजी उखडले जात नाहीत. बाजार सेमीकडून फुल ऑटोमॅटिककडे सरकू लागला तेव्हा ज्यांची ताकद फक्त पहिल्या प्रकारात होती, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

पहिला टप्पा: तंत्र परदेशी, नाव देशी

१९९१पूर्वी परदेशी कंपनीला स्वतःच्या पूर्ण मालकीने इथे येणं जवळजवळ अशक्य होतं आणि तयार माल आयात करणं फार महाग पडे. त्यामुळे एक ठरलेली वाट तयार झाली. भारतीय उद्योजक परवाना मिळवायचा, परदेशी कंपनीशी तंत्रसहकार्याचा करार करायचा, तिथून आराखडे आणि सुरुवातीला सुटे भाग आणायचा, इथे जुळणी करायचा आणि त्या बदल्यात रॉयल्टी द्यायचा. दारावर नाव मात्र बहुधा देशी असे.

या वाटेवरचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे व्हिडिओकॉन. नंदलाल धूत यांच्या कुटुंबाने औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावात कारखाना उभारला. टीव्हीसाठी जपानच्या तोशिबाचं सहकार्य घेतलं आणि पुढे वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी अशी मांडणी वाढवत नेली. त्यांच्या वॉशिंग मशीनची दूरदर्शनवरची जाहिरात त्या पिढीला आजही पाठ आहे. मराठवाड्यासारख्या, उद्योगाने फारसा न शिवलेल्या भागातून निघालेलं उत्पादन देशभरातल्या घरांत पोचलं, ही मोठी गोष्ट होती. तिचं मोल पुढच्या पडझडीमुळे कमी होत नाही.

दक्षिणेत टीव्हीएस समूह आणि अमेरिकेतली व्हर्लपूल यांची भागीदारी झाली, पुदुच्चेरीत वॉशिंग मशीनचा कारखाना उभा राहिला. बंगळुरूच्या बीपीएलने जपानच्या सान्योचा हात धरला. कोलकात्याच्या बिजोन नाग यांनी १९७४मध्ये स्विस सहकार्याने धातूचे अचूक भाग कापण्याचा उद्योग सुरू केला होता. इंडियन फाइन ब्लँक्स हे त्याचं नाव. पुढे आयएफबी म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या या कंपनीने जर्मनीच्या बॉश-सीमेन्सच्या सहकार्याने, १९९०च्या सुमारास, फ्रंट लोड मशीन भारतात रुजवायला घेतलं. तिचा कारखाना गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता. करारातून आराखडा मिळतो, पण तो आराखडा का तसा आहे, पुढच्या पिढीचं यंत्र कसं काढायचं, हे शिकवणं सहकार्य देणाऱ्यावर बंधनकारक नसतं. बाजार बंद असतो तोवर ही उणीव झाकून राहते. ज्या दिवशी तंत्राचा मूळ मालक स्वतः दुकान थाटायला येतो, त्या दिवशी ती उघडी पडते.

दुसरा टप्पा: मूळ मालक स्वतः आले

१९९१च्या उदारीकरणाने तो दिवस जवळ आणला. व्हर्लपूलने टीव्हीएसबरोबरच्या भागीदारीत वरचष्मा मिळवला, १९९५मध्ये फरिदाबादची केल्व्हिनेटर ऑफ इंडिया विकत घेतली आणि १९९६मध्ये व्हर्लपूल ऑफ इंडिया या नावाने सगळं एकत्र केलं. सॅमसंग १९९५मध्ये आली. एलजीचे भारतीय भागीदारांबरोबरचे आधीचे प्रयत्न फसले होते. तिने १९९७मध्ये शंभर टक्के स्वतःच्या मालकीची कंपनी काढली, पुढच्याच वर्षी ग्रेटर नोएडात कारखाना सुरू केला आणि २००४मध्ये पुण्याजवळ रांजणगावात दुसरा.

या कोरियन कंपन्यांनी नेमकं काय वेगळं केलं? एक म्हणजे, कारखान्याला लागणारा पैसा मूळ कंपनीच्या ताळेबंदातून आला, त्यामुळे सुरुवातीची तोट्याची वर्षं पचवता आली. दुसरं, दर वर्षी नवी मॉडेल्स आणण्याइतकं संशोधन त्यांच्या घरात होतं. एलजीने १९९८मध्ये डायरेक्ट ड्राइव्ह मोटर आणली. तिच्यात पट्टा नसतो, मोटर थेट ड्रमला जोडलेली असते. झिजणारा एक भाग कमी झाला, आवाज घटला आणि मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी देणं परवडू लागलं. आराखडा उसना आणणाऱ्या कंपनीला अशी उडी मारता येत नाही. तिला पुढचा करार होईपर्यंत थांबावं लागतं.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: त्यांनी इथल्या घराचा नीट अभ्यास केला. वीज गेली तर कार्यक्रम जिथे थांबला तिथूनच पुन्हा सुरू व्हावा अशी सोय मशीनमध्ये आली. तळाशी उंदीर शिरून वायरी कुरतडू नयेत म्हणून जाळी किंवा बंद तळ आला. ओल्या मोरीत पत्रा गंजू नये म्हणून प्लॅस्टिकची बॉडी आली. साडीसाठी वेगळा कार्यक्रम आला. हळूहळू हे सगळ्याच ब्रँडांनी आत्मसात केलं, पण आधी करणाऱ्याला त्याचं श्रेय मिळालं.

देशी नावांपैकी गोदरेजचा प्रवास वेगळा आहे. १९९३मध्ये गोदरेजने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी भागीदारी केली. काही वर्षांनी ती संपली, तरी गोदरेज बाजारात टिकून राहिली. साताऱ्याच्या शिरवळचा आणि पंजाबातल्या मोहालीचा असे कारखाने हाताशी होते, कुलपं-कपाटांच्या काळापासूनचा विक्रेत्यांचा आणि सेवेचा पसारा होता. भागीदार गेला तरी हात रिकामे राहिले नाहीत. बीपीएलची गोष्ट उलट दिशेने गेली. एकेकाळी टीव्हीत आघाडीवर असलेली ही कंपनी २०००नंतर घरगुती उपकरणांतून मागे मागे सरकत गेली.

दुकानात काय घडतं

कारखान्यातून निघालेलं मशीन थेट घरात जात नाही. मध्ये वितरक आणि दुकानदार असतो. ब्रँडचं भवितव्य ठरतं त्यातला फार मोठा भाग इथे घडतो, आणि तो ग्राहकाला दिसत नाही.

दुकानदाराची खरी मालमत्ता म्हणजे मांडणीची जागा. एका फुल ऑटोमॅटिक मशीनने अडवलेल्या जागेतून महिन्याला किती पैसा सुटतो, याचा हिशेब तो सतत करत असतो. त्या हिशेबात चार आकडे येतात: एका नगावर सुटणारं मार्जिन, महिन्यात खपणारे नग, कंपनी किती दिवसांची उधारी देते आणि बिघडलेला नग किती लवकर बदलून मिळतो. जास्त मार्जिन देणारा पण न खपणारा ब्रँड त्याला नको असतो. तसंच पटापट खपणारा पण तक्रारी घेऊन ग्राहकाला परत दुकानात आणणारा ब्रँडही नको असतो. ओळखीचा ग्राहक कंपनीला बोलत नाही, दुकानदाराला बोलतो.

गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि दिवाळी हे खरेदीचे मोसम. त्यांच्या आधी महिना-दीड महिना माल गोदामात पोचलेला असावा लागतो. हाच काळ कंपनीच्या खेळत्या भांडवलाची परीक्षा घेतो. ज्या कंपनीकडे सुट्या भागांचे पुरवठादार आगाऊ पैसे मागतात, तिचं उत्पादन नेमकं दसऱ्याच्या आधी अडतं. रिकामी राहिलेली जागा दुकानदार शेजारच्या ब्रँडला देतो. ती जागा पुढच्या वर्षी परत मिळेलच असं नाही.

त्यात भर पडली हप्त्यांची. पुण्याच्या बजाज फायनान्ससारख्या कंपन्यांनी बिनव्याजी हप्त्यांची पद्धत गावोगावच्या दुकानांत नेली. हप्ता बिनव्याजी असला तरी वित्तकंपनी व्याज सोडून देत नाही. ते बहुधा उत्पादक किंवा विक्रेता सवलतीच्या रूपात भरतो, किंवा प्रोसेसिंग फीमध्ये त्याचा काही भाग येतो. म्हणजे हप्त्याची चांगली योजना देण्यासाठीही ब्रँडच्या खिशात पैसा हवा. दोन मशीनं सारखी, पण एक दहा हप्त्यांत आणि दुसरं रोखीने, असं असेल तर पगारदार कुटुंब कुठलं उचलेल हे सांगायला नको.

मुंबईची १९६७पासूनची विजय सेल्स, २००६मध्ये आलेली टाटांची क्रोमा, त्यामागोमाग रिलायन्स डिजिटल, पुढे फ्लिपकार्ट आणि अॅमेझॉन यांच्यामुळे तराजू आणखी बदलला. मोठी साखळी ब्रँडकडून कमी भाव, जास्त सवलत आणि ठरल्या वेळेला माल मागते. हे मागणं पुरवण्याची ताकद नसलेले ब्रँड आधी मोठ्या शहरांतून नाहीसे झाले, मग जिल्ह्याच्या ठिकाणांहून.

व्हिडिओकॉन: पडझड कशी होते

चारही आधार एकामागून एक कसे निखळतात, हे व्हिडिओकॉनच्या प्रवासात स्पष्ट दिसतं. २००५मध्ये या समूहाने इलेक्ट्रोलक्सचा भारतातला व्यवसाय घेतला, त्याच सुमारास फ्रान्सच्या थॉमसनचा टीव्ही-नळ्यांचा व्यवसायही घेतला. पण टीव्हीचं जग त्याच काळात काचेच्या नळीकडून सपाट पडद्याकडे निघालं होतं. एका छताखाली अनेक ब्रँड आले आणि ते एकाच दुकानाच्या त्याच जागेसाठी एकमेकांशी स्पर्धा करू लागले.

दुसरीकडे समूहाचं लक्ष आणि कर्ज तेल-वायू, डीटीएच आणि मोबाइल सेवेकडे वळलं. फेब्रुवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनच्या कंपनीचेही होते. २०१३मध्ये मोझांबिकच्या वायूक्षेत्रातला हिस्सा विकला, तरी कर्जाचा डोंगर हटला नाही. जून २०१८मध्ये स्टेट बँकेच्या अर्जावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. समूहातल्या १३ कंपन्यांची प्रकरणं एकत्र करण्यात आली. मान्य झालेली देणी सुमारे ६४,८०० कोटी रुपयांची होती. २०२१मध्ये मंजूर झालेली बोली तीन हजार कोटींच्याही आत होती आणि ती अपिलात २०२२च्या जानेवारीत रद्द झाली.

अशा वेळी मशीनच्या ब्रँडचं काय होतं, ते क्रमाने पाहू. बँक खेळत्या भांडवलाची मर्यादा आवळते. पुरवठादार रोख मागतात. उत्पादन तुटक होतं. दुकानदार जागा काढून घेतो. विक्री घटते म्हणून सेवा केंद्रांचं काम परवडेनासं होतं आणि ती बंद पडतात. आधी विकलेल्या मशीनांना सुटे भाग मिळेनासे होतात. त्या घरांतली माणसं शेजाऱ्यांना सांगतात. जुन्या निष्ठावान ग्राहकांची पुढची खरेदी दुसऱ्याकडे जाते. इथवर आल्यावर कितीही चांगली जाहिरात केली तरी चाक मागे फिरत नाही, कारण जाहिरात पाहून दुकानात गेलेल्या माणसाला तिथे माल दिसत नाही.

यात मला सर्वांत जास्त लागतं ते चितेगावचं आणि त्याच्या अवतीभवती उभ्या राहिलेल्या लहान कारखान्यांचं. वॉशिंग मशीनचा एक मोठा कारखाना चालतो तेव्हा त्याच्याभोवती प्लॅस्टिक मोल्डिंग, पत्रा दाबणं, वायरींचे जुडगे बांधणं, खोकी बनवणं अशी कामं करणारे अनेक छोटे उद्योग जगतात. मुख्य कारखान्याची देणी थकली की आधी त्यांचा श्वास कोंडतो. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत बँकांची देणी मोठी आणि तारण असलेली असतात, मालाचे पैसे येणं असलेला लहान पुरवठादार रांगेत फार मागे उभा असतो. ब्रँड बुडाला तरी त्याच्या ग्राहकाला दुसरा मिळतो. कामगाराला आणि पुरवठादाराला तसा दुसरा सहज मिळत नाही.

आयएफबी: एकच गोष्ट नीट धरून

त्याच पहिल्या टप्प्यात सुरू झालेली आयएफबी आजही बाजारात आहे. बॉश-सीमेन्सचं सहकार्य संपलं आणि पुढे बॉश स्वतःच स्पर्धक म्हणून भारतात आली. तरीही आयएफबीची फ्रंट लोडमधली ओळख पुसली गेली नाही. याची कारणं तपासण्यासारखी आहेत.

मूळ धंदा धातूचे अचूक भाग बनवण्याचा असल्याने यंत्रकाम तिच्या हाडीमाशी होतं. तिने सगळ्या किमतींच्या, सगळ्या वस्तूंच्या मागे न धावता फ्रंट लोड हा आपला गाभा मानला. इथली मोठी अडचण होती बोअरच्या जड पाण्याची. अशा पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी चिकटून फेस मारतात, कपड्यांवर पांढुरकी पूड सोडतात आणि हीटरवर थर धरतात. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि हीटर जळतो. आयएफबीने जड पाण्यासाठी मशीनमध्ये सोय केली. थर काढणारी पावडर आणि फ्रंट लोडला लागणारे कमी फेसाचे साबणही स्वतः विकायला घेतले. त्यामुळे विक्रीनंतर ग्राहकाशी संबंध तुटत नाही. तंत्रज्ञ घरी जातो, देखभालीचा वार्षिक करार होतो, त्यातूनही कंपनीला पैसा मिळतो. स्वतःची दालनं असल्याने दुकानदाराच्या जागेवरचं अवलंबनही थोडं कमी झालं. परदेशी तंत्र घेऊन सुरुवात केली तरी ते आपलंसं करता येतं, याचा हा जिवंत दाखला आहे.

आजचा टप्पा: नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा

गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एक बदल झाला आहे. नोएडाची डिक्सन टेक्नॉलॉजीज ही कंपनी डेहराडूनला सेमी ऑटोमॅटिक आणि तिरुपतीला फुल ऑटोमॅटिक मशीनं बनवते. पण ती आपल्या नावाने विकत नाही, वेगवेगळ्या ब्रँडांसाठी बनवून देते. त्यामुळे शोरूममध्ये शेजारी शेजारी उभी असलेली, वेगळ्या नावांची दोन मशीनं एकाच कारखान्यातून निघालेली असू शकतात.

यामुळे ब्रँड काढणं सोपं झालं. साचा, मोटर, कार्ड तयार मिळतं. रंग, झाकण आणि नाव आपलं लावलं की झालं. जुनी नावं पुन्हा दिसू लागली तीही याच वाटेने. केल्व्हिनेटरचं नाव रिलायन्स रिटेलने आधी परवान्यावर वापरलं आणि २०२५मध्ये ते विकत घेतलं. २०१८मध्ये थॉमसनही परवान्यावर परतलं. लोकांच्या आठवणीतल्या नावाला मोल असतं, पण जुन्या नावामागचा कारखाना, माणसं आणि सेवा परत येत नाहीत. ती नव्याने उभारावी लागतात.

सरकारी धोरणाचाही यात वाटा आहे. जुलै २०१७मध्ये वॉशिंग मशीनवर २८ टक्के जीएसटी लागला, वर्षभराने तो १८ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०१८मध्ये दहा किलोच्या आतल्या मशीनांवरचं आयात शुल्क १० वरून २० टक्के झालं. त्यामुळे बाहेरून तयार मशीन आणण्यापेक्षा इथे बनवणं किफायतशीर ठरू लागलं. चीनच्या हायरने रांजणगावचा कारखाना २००७मध्येच घेतला होता आणि पुढे तो वाढवला. टाटांच्या व्होल्टासने तुर्कस्तानच्या आर्चेलिकबरोबर भागीदारी करून गुजरातमध्ये साणंदला कारखाना काढला. एकट्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिघांचे कारखाने आहेत.

मालकीचं चित्रही हलतं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकी व्हर्लपूलने भारतीय कंपनीतला आपला हिस्सा ७५ वरून ५१ टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर २०२५मध्ये एलजीच्या भारतीय कंपनीचे शेअर बाजारात आले. सुमारे ११,६०० कोटींची ती विक्री मूळ कंपनीने आपल्या हिश्शातून केली, म्हणजे तो पैसा भारतीय कारखान्यात न येता कोरियाला गेला. यात बेकायदा काहीच नाही. पण ‘भारतात बनलेलं’ आणि ‘भारताचं’ यांत किती अंतर आहे, हे मात्र यातून कळतं.

घेताना काय पाहावं

हे सगळं समजल्यावर खरेदीचा क्रमही बदलायला हवा. आधी आपलं घर पाहा. पाणी किती वेळ येतं, टाकी किती उंचीवर आहे, पाणी बोअरचं आहे का, मोरीत किंवा गॅलरीत १६ अँपिअरचं सॉकेट आहे का, हे तपासून मशीनचा प्रकार ठरवा. मग सेवा केंद्र पाहा. आपल्या तालुक्यात कंपनीचा अधिकृत तंत्रज्ञ आहे का, आणि तो दोन दिवसांत येतो का, हे शेजारपाजारच्या दोन-तीन घरांत विचारलं की कळतं. त्यानंतर वॉरंटीचा कागद वाचा. मोटरवर दहा वर्षं लिहिलेलं असतं, पण मशीन बंद पडतं ते बहुधा कंट्रोल कार्ड, ड्रेन पंप, गॅस्केट किंवा बेअरिंगमुळे. त्यांच्यावर किती वर्षं आहेत ते पाहा. दारावरचं नाव या सगळ्याच्या नंतर येऊ द्या.

आणि ग्राहक म्हणून नव्हे, तर नागरिक म्हणून एक गोष्ट मागायला हवी. जुळणी करणारे कारखाने आपल्याकडे भरपूर आले, ते चांगलंच आहे. पण मोटरचा आराखडा, कार्डातली चिप आणि तिच्यातलं सॉफ्टवेअर, ड्रमच्या तोलाचं गणित, हे ज्याच्या हाती तोच पुढची वीस वर्षं ठरवतो. चितेगावच्या कामगारांनी मशीन बनवता येतं हे दाखवून दिलं होतं, वेर्ण्याच्या कारखान्याने उसनं तंत्र आपलं करता येतं हे दाखवलं. आता अभियांत्रिकी महाविद्यालयं, लहान पुरवठादार आणि कंपन्यांच्या संशोधन शाखा यांनी मिळून मशीनचा आराखडाच इथे घडवायला हवा. ते जमलं तर आपला एखादा ब्रँड बुडाला तरी त्यातलं कौशल्य या मातीत राहील आणि त्यातून पुढचा उभा राहील.